सनी रॉलिन्स यांना अष्टपैलू का म्हणतात, आणि त्यांच्यावर कोणाचे संस्कार होते?

आपला प्रश्न असा आहे की, जॅझमधल्या सॅक्सोफोनवादकांत सनी रॉलिन्स यांना अष्टपैलू म्हटले जाते ते कशामुळे, ते कोणाला ऐकून घडले, आणि ख्याल ऐकणाऱ्याने त्यांच्यापाशी कुठून जावे. मी व्यावसायिक वादक नाही. चाळिशीनंतर हौसेने टेनर सॅक्सोफोन शिकायला घेतला आणि गेली काही वर्षे रॉलिन्स यांच्या ध्वनिमुद्रिका पुन्हापुन्हा ऐकतो आहे, एवढ्याच अधिकारावर हे उत्तर लिहितो.

कोणतीही चाल त्यांना कधी हलकी वाटली नाही, हे माझ्या मते त्यांच्या अष्टपैलुत्वाचे मूळ आहे. त्यांचा जन्म ७ सप्टेंबर १९३० रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात झाला. आईवडील कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन बेटांवरून आलेले असल्यामुळे घरात कॅलिप्सो या तिकडच्या ठेकेदार लोकगीतांच्या चाली कानांवर पडत, आणि बाहेर चित्रपटगृहांतली व रेडिओवरची गाणी होतीच. सॅक्सोफोनचे पहिले वेड लावले ते लुई जॉर्डन यांनी. जॉर्डन हे नाचायला लावणाऱ्या, लोकप्रिय बाजाचे ऑल्टोवादक (ऑल्टो म्हणजे टेनरहून लहान, चढ्या आवाजाचा सॅक्सोफोन), आणि आपण त्यांच्यामुळे या वाद्याकडे वळलो हे सांगताना रॉलिन्स यांना कधी संकोच वाटला नाही. ‘बॉडी अँड सोल’ या गाण्याची १९३९ सालची टेनरवादक कोलमन हॉकिन्स यांची ध्वनिमुद्रिका ऐकल्यावर मात्र त्यांनी ऑल्टो बाजूला ठेवून टेनर हाती घेतला. हॉकिन्स हार्लेममध्येच राहत असत, आणि त्यांची स्वाक्षरी मिळावी म्हणून हा मुलगा त्यांच्या दाराशी वाट पाहत बसे. पुढे ऑल्टोवादक चार्ली पार्कर यांच्याकडून बीबॉप या गुंतागुंतीच्या जॅझशैलीचा वेग आणि टेनरवादक लेस्टर यंग यांच्याकडून ऐसपैस, सावकाश बोलण्याची रीत आली. पियानोवादक थेलोनियस मंक यांच्या घरच्या तालमींना तर ते शाळकरी वयापासून जात. वाजवण्याच्या ओघात मधली जागा रिकामी सोडण्याचे धाडस आणि वाकडे वाटणारे स्वरही हसतमुखाने लावण्याची खोड मला तिथलीच वाटते.

सुरुवातीचा काळ फार वाईट गेला. हेरॉइनचे व्यसन, १९५० साली सशस्त्र चोरीच्या आरोपावरून झालेला तुरुंगवास, आणि १९५५ मध्ये केंटकीतल्या लेक्झिंग्टन येथील सरकारी रुग्णालयात घेतलेले उपचार. व्यसनाच्या त्याच वर्षांत, १९५४ साली, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ध्वनिमुद्रणासाठी त्यांनी ‘ऑलिओ’, ‘डॉक्सी’ आणि ‘एअरजिन’ या तीन रचना दिल्या, ज्या आजही वादकांच्या नित्य पाठात आहेत. (एअरजिन हे नायजेरियाचे इंग्रजी स्पेलिंग उलटे वाचले की मिळणारे नाव.)

आता ‘सॅक्सोफोन कोलोसस’विषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिथेच आहे. ही ध्वनिमुद्रिका २२ जून १९५६ रोजी मुद्रित झाली. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स आणि ड्रमवर मॅक्स रोच असा चौघांचा संच होता. पहिलीच रचना ‘सेंट थॉमस’ ही आईच्या बेटाचे नाव घेतलेली कॅलिप्सोची चाल आहे. शेवटची ‘ब्लू सेव्हन’ साधारण ११ मिनिटांची आहे, आणि ख्याल ऐकणाऱ्या कानाने तिथूनच सुरुवात करावी असे मी सुचवेन. आधी एकटा बास चालू लागतो आणि मग रॉलिन्स तुटक, जरा कोड्यात टाकणारी अशी एक छोटी आकृती वाजवतात. पुढच्या वादनात ती आकृती ते कधी आखूड करतात, कधी तिच्यातले दोनच स्वर घेऊन लयीच्या मागेपुढे ठेवतात, कधी पूर्णपणे सोडून दिल्यासारखे दाखवून अचानक तिच्यावर येतात. आपल्याकडे मुखड्याशी खेळत बढत करणारा गायक जे करतो त्याच्याशी याचे नाते आहे, फक्त इथे राग नसून बाराबारा मात्रापट्ट्यांचे (प्रत्येक पट्टी चार मात्रांची) ब्लूजचे आवर्तन आहे. संगीतकार गुंथर शुलर यांनी १९५८ साली याच वादनाचे सविस्तर विश्लेषण करणारा लेख लिहिला. त्यात स्तुतीच होती, पण आपण नकळत करत होतो ते कागदावर मांडलेले पाहून रॉलिन्स अवघडून गेले. मला यात त्यांची बाजू पटते.

पुढच्या वर्षी, १९५७ मध्ये, ‘वे आऊट वेस्ट’साठी त्यांनी पियानो काढूनच टाकला. केवळ बास आणि ड्रम यांच्या साथीने त्यांनी ‘आय अ‍ॅम अ‍ॅन ओल्ड काउहँड’ हे चक्क गुराख्याच्या वेशातल्या सिनेमाचे गाणे वाजवले आणि मुखपृष्ठावर तशीच टोपी घालून ते उभे राहिले. एखाद्या मान्यवर ख्यालगायकाने वरातीतल्या बँडची धून बंदिशीसारखी मांडावी, तसा हा प्रकार. गंमत म्हणून तो सुरू होतो, पण दोन मिनिटांत ती गंमत उरत नाही. पियानो नसल्यामुळे कॉर्डचे, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसमूहांचे, कुंपण सैल होते आणि सगळी जबाबदारी एकट्या सॅक्सोफोनवर येते. याच पद्धतीने १९५८ साली त्यांनी ‘फ्रीडम सूट’ ही सुमारे १९ मिनिटांची रचना केली आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना मिळणाऱ्या वागणुकीवर सोबतच्या टिपणात स्पष्ट शब्दांत लिहिले.

कीर्तीच्या शिखरावर असताना, १९५९ च्या उन्हाळ्यात, त्यांनी जाहीर कार्यक्रम बंद केले. आपले वाजवणे आपल्या कीर्तीला पुरे पडत नाही, असे त्यांना वाटत होते. शेजारी एक गरोदर बाई राहत असल्यामुळे घरात रियाज करणे त्यांना प्रशस्त वाटेना, म्हणून ते मॅनहॅटन आणि ब्रुकलिन यांना जोडणाऱ्या विल्यम्सबर्ग पुलाच्या पादचारी मार्गावर जाऊन, खालून जाणाऱ्या बोटी आणि शेजारून धडधडणाऱ्या आगगाड्या यांच्या आवाजात, तासन्‌तास वाजवत. हे १९६१ च्या अखेरीपर्यंत चालले. (माझ्या शेजाऱ्यांनी तक्रार केली तेव्हा मी कपड्यांच्या कपाटात तोंड घालून वाजवू लागलो. टेनरचा नाद किती दूर जातो हे ज्याने तो सदनिकेत फुंकला आहे त्यालाच कळेल.) परतल्यावर आलेली ‘द ब्रिज’ ही ध्वनिमुद्रिका गिटारवादक जिम हॉल यांच्या साथीची आणि तुलनेने शांत आहे, पण त्याच १९६२ साली ते कॉर्नेटवादक डॉन चेरी यांच्यासह मुक्त जॅझकडेही, म्हणजे ठरलेल्या चौकटी सोडून वाजवण्याकडेही, गेले. १९६३ मध्ये तर प्रत्यक्ष हॉकिन्स यांच्या शेजारी बसून त्यांनी मुद्रण केले. त्या मुद्रिकेत गुरुस्थानी असलेल्या माणसाची नक्कल होऊ नये म्हणून ते मुद्दाम चमत्कारिक, चिरके, तुटके वाजवतात. काहींना तो उद्धटपणा वाटला. मला ती आदराची जरा अवघड तऱ्हा वाटते.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते भारतात आले आणि मुंबईत पवई येथे स्वामी चिन्मयानंद यांच्या आश्रमात काही महिने राहिले. डोळे मिटून स्वस्थ बसणे त्यांना साधत नव्हते, तेव्हा तुमचे वाजवणे हेच तुमचे ध्यान आहे असे त्यांना तिथे सांगण्यात आले, अशी आठवण त्यांनी नंतर सांगितली आहे. पुढे १९७८ साली मुंबईतल्या पहिल्या जॅझ यात्रेत त्यांनी वादनही केले. त्यांच्या वादनात भारतीय रागसंगीत शोधू नये, ते मला तरी कुठे सापडलेले नाही. पवईने त्यांना दिले ते रियाजाकडे पाहण्याची दृष्टी.

१९७२ नंतरच्या स्टुडिओतल्या मुद्रिका, त्यांतला फंकचा आणि विजेवरच्या वाद्यांचा वापर, मला फारसा भावत नाही. १९८१ साली रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या ‘टॅटू यू’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी केलेली साथ मात्र सुरेख आहे. त्या काळातले रॉलिन्स ऐकायचे असतील तर मंचावरचे ऐकावेत. २००१ च्या ११ सप्टेंबरला जागतिक व्यापार केंद्राजवळच्या आपल्या घरातून, ३९ व्या मजल्यावरून, सॅक्सोफोन हातात घेऊन त्यांना जिने उतरावे लागले. कार्यक्रम रद्द करावा असे त्यांच्या मनात होते, पण पत्नी ल्युसिल यांच्या आग्रहावरून ते चार दिवसांनी बॉस्टनला वाजवायला गेले. ते मुद्रण ‘विदाउट अ साँग’ या नावाने उपलब्ध आहे. ‘ब्लू सेव्हन’ आणि ‘वे आऊट वेस्ट’ झाल्यावर ते लावा, आणि ७१ व्या वर्षीचा हा वादक जुन्या लोकप्रिय गाण्यांवर किती वेळ रेंगाळतो ते पाहा.