बायोमला ‘जंगल’ म्हणता येईल का?

नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी अकरावीला आहे, भूगोलात ‘बायोम’साठी ‘जीवसंहती’ हा शब्द आला. ताईंनी तिला समजावलं की बायोम म्हणजे वेगवेगळ्या प्रकारची जंगलं, तर पोरगी म्हणाली, मग वाळवंटात कुठलं जंगल? आता ताई विचारतात की साधा ‘जंगल’ शब्द सोडून हे ‘जीवसंहती’ कशाला काढलं, आणि संहती म्हणजे नेमकं काय.

ताई, मुलीचं बरोबर आहे. पण तुमचंही पूर्ण चूक नाही, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे, ते सांगायलाच हे एवढं लांब लिहितोय.

आधी संहती. सम् + हन्, म्हणजे एकत्र घट्ट बसणं, एकवटणं. रसायनशास्त्रात ‘संहत आम्ल’ म्हणतात ना, तेच हे. तिथे संहती म्हणजे द्रावणाचा तीव्रपणा, म्हणून सायन्सच्या मुलांचा भूगोलात गोंधळ उडतो. जीवसंहती म्हणजे एका प्रकारच्या हवामानात एकत्र नांदणारा झाडं, गवत, प्राणी, किडेमुंगी असा सगळा गोतावळा. काही ठिकाणी ‘जैवसंहती’ असंही छापतात, अर्थ तोच. मूळ ‘बायोम’ शब्द अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ साली वापरला, त्यातला ‘बायो’ म्हणजे जीव आणि शेवटचा ‘ओम’ समूह दाखवतो. म्हणजे भाषांतर करणाऱ्यानं नीट विचार करून केलंय, फक्त शब्द जिभेला जड आहे एवढंच.

आणि ही परिसंस्था (इकोसिस्टिम, म्हणजे एखाद्या जागेतले जीव आणि तिथलं पाणी, माती, हवा) नाही बरं का, हेही बरेच जण एकच समजतात. अंबाझरीचा तलाव ही एक परिसंस्था झाली, एखादं डबकंसुद्धा होऊ शकतं. जीवसंहती त्याहून कितीतरी मोठी, खंडाखंडांवर पसरलेली. तैगा घ्या, सूचिपर्णी झाडांचा तो पट्टा अलास्का-कॅनडापासून स्कँडिनेव्हियातून सैबेरियाच्या पार टोकापर्यंत जातो, जमिनीवरची सगळ्यात मोठी जीवसंहती तीच. त्याच्याही उत्तरेला टुंड्रा, तिथे जमीन खाली कायम गोठलेली, मुळं खोल जाऊच शकत नाहीत म्हणून मोठी झाडंच नाहीत. विषुववृत्ताजवळ सदाहरित वर्षावनं. साधारण ३० ते ४० अक्षांशांत खंडांच्या पश्चिम किनाऱ्यावर भूमध्य सागरी प्रकार, जिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा. हा प्रकार भूमध्य समुद्राभोवती तर आहेच, पण कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचं केप आणि नैऋत्य ऑस्ट्रेलियातही आहे. एकमेकांपासून इतके लांब, झाडांच्या जाती वेगळ्या, पण चेहरामोहरा सारखा, कारण हवामान सारखं.

हा ‘चेहरा सारखा, घराणं वेगळं’ प्रकार आपल्या एका मराठी शब्दातच लपलाय. निवडुंग. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला, कॅक्टसच्या कुळातला. आणि शेताच्या कुंपणाला असतो तो त्रिधारी निवडुंग युफोर्बियाच्या कुळातला, म्हणजे दोघांचं काही नातं नाही. त्रिधारीचा तुकडा मोडा (डोळ्यांपासून लांब धरा, चीक वाईट असतो), लगेच पांढरा दुधासारखा चीक गळायला लागतो. फड्या मोडला तर तसं दूध येत नाही, नुसता बुळबुळीत पाणीदार रस. कोरड्या हवेत पाणी धरून ठेवायचं तर मांसल हिरवं खोड आणि काटे, हा एकच मार्ग दोन वेगळ्या खंडांत दोन वेगळ्या कुळांनी काढला आणि आपल्या माणसानं दोघांना एकच नाव दिलं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं ती चूक असेल, पण जीवसंहतीच्या हिशेबानं अगदी अचूक नजर आहे.

आता ‘जंगल’. हा शब्द ऐकला की डोळ्यासमोर काय येतं? दाट, ओलं, वेलींनी गच्च, ॲमेझॉनसारखं. पण मूळ संस्कृतात अर्थ जवळजवळ उलटा होता! जाङ्गल म्हणजे कोरडा, मोकळा, विरळ झाडांचा, उघड्या आभाळाचा मुलूख. महाभारतातलं कुरुजांगल, म्हणजे कुरूंचा मुलूख, तसंच. बिकानेरच्या भागाचं जुनं नाव जांगळदेश, आणि तिथे काय आहे तर थरचं वाळवंट. मनुस्मृतीत राजानं राहावं तो देश ‘जाङ्गलं सस्यसम्पन्नम्’ असावा असं आहे. गच्च अरण्यात राजधानी करा असं कुणी सांगणार नाही ना, कोरडी निरोगी हवा आणि धान्य पिकणारी जमीन असा त्याचा रोख आहे. पुढे अर्थ सरकत गेला, न कसलेली जमीन, मग झाडोरा, मग दाट रान. इंग्रजांनी अठराव्या शतकात तो शब्द आपल्याकडून उचलला, जगभरातल्या वर्षावनांना लावला, आणि तो ओला अर्थ घेऊन शब्द पुन्हा आपल्याकडे आला.

आयुर्वेदात तर देशाचे तीन प्रकारच सांगितलेत: जांगल, आनूप आणि साधारण. आनूप म्हणजे पाणथळ, दमट. साधारण म्हणजे मधला. कुठल्या देशात कुठली झाडं, कुठले प्राणी, हवा कशी, माणसांना कुठले विकार होतात, सगळं एकत्र बांधलंय. याला मी सरळ बायोम म्हणणार नाही, कारण तिथे हेतू औषधाचा होता, पण हवामान, झाडं आणि जीव यांना एका मुठीत धरून जमिनीला नाव द्यायचं ही कल्पना तीच आहे. चरकसंहितेत जांगल देशातली झाडं दिली आहेत, त्यातली काही वाचा: खदिर, धव, शल्लकी, बदरी, तिन्दुक, आमलकी. आता मराठीत म्हणा: खैर, धावडा, सालई, बोर, टेंभरू, आवळा. ताई, ही तर आपली पेंच-ताडोब्याच्या रस्त्यावरची झाडं आहेत! मी पहिल्यांदा ही यादी वाचली तेव्हा पुस्तक खाली ठेवून नुसता बसून राहिलो होतो.

म्हणजे जुन्या अर्थानं नागपूरच्या आसपासचं रान हेच खरं ‘जंगल’. भूगोलात त्याला उष्ण कटिबंधीय शुष्क पानझडी वन म्हणतात. यातल्या ‘पानझडी’ शब्दानं मात्र जपून राहा. युरोपातली ओक-बीचची झाडं थंडीमुळे पानं टाकतात, आपला साग पाण्याच्या टंचाईमुळे. शब्द एक, जीवसंहती दोन. नागपूरला वर्षाला ११०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, लंडनला जेमतेम ६००, तरी लंडन बारा महिने हिरवं आणि आपण मे महिन्यात करपतो, कारण आपला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून जातो आणि मग ऊन ४५ च्या पुढे. नुसता पावसाचा आकडा बघून जीवसंहती ठरत नाही, तो कधी पडतो आणि किती वाफ होऊन उडून जातो हेही बघावं लागतं.

शब्द कसा लावला यावर जमिनीचं नशीब ठरतं, हे विदर्भाइतकं कुणाला माहीत असेल? आपल्याकडे महसुली कागदांत ‘झुडपी जंगल’ अशी नोंद आहे, खुरटी झुडपं असलेली, गुरं चारायची जमीन. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर १९९६ मध्ये सांगितलं की वन शब्दाचा अर्थ शब्दकोशातला घ्यावा, आणि मग प्रश्न उभा राहिला की झुडपी हे वन की नाही. मे २०२५ मध्ये कोर्टानं ते वनच असल्याचं सांगितलं. मला यात एकच खुपतं, की झुडुप किंवा माळ असणं म्हणजे काहीतरी कमी पडलंय असं आपण धरून चालतो, गवताळ जागा दिसली की ‘पडीक’ म्हणतो. माळढोकाच्या नावातच माळ आहे, त्या पक्ष्याला मोकळं गवत लागतं, तिथे झाडं दाटीनं लावली तर त्याचं घरच गेलं. माळरान ही स्वतःच एक पुरी जीवसंहती आहे.

तेव्हा मुलीला पेपरात ‘जीवसंहती’च लिहू द्या, वाळवंट, टुंड्रा, गवताळ प्रदेश सगळं त्यात बसतं. टुंड्रा, तैगा आणि स्टेप, सॅव्हाना (हे दोन्ही गवताळ प्रदेशच) यांचं भाषांतर करत बसू नका, तेही त्या त्या ठिकाणच्या लोकांचेच शब्द आहेत, आपल्या माळरानासारखे. आणि वाळवंटात कुठलं जंगल असं तिनं पुन्हा विचारलं तर तिला जांगळदेश नकाशावर दाखवा.