एफ-१ व्हिसा आणि अमेरिकी फौज : एका विद्यार्थ्याला पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र वाचलं. तू तयारीला लागला आहेस, दोन मैल पळण्याची वेळ लिहून ठेवतोस, पुश-अपचा आकडा वाढवतोस. आणि विचारतोस की अमेरिकी सैन्याच्या रिक्रूटरला, म्हणजे भरती अधिकाऱ्याला, भेटायला जाऊ का. जा, हरकत काहीच नाही. पण तो पळण्याबद्दल विचारण्याआधी ग्रीन कार्ड, म्हणजे कायम रहिवासी असल्याचं कार्ड, मागेल. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहेस म्हटल्यावर गडी सभ्यपणे हात मिळवेल आणि बोलणं तिथंच संपेल. म्हणून आधी कागदाचं बोलू, घाम गाळायचं नंतर.

अमेरिकी सैन्यात शिपाई म्हणून कोणाला घेता येतं, हे तिथल्या कायद्याच्या टायटल १०, कलम ५०४ मध्ये लिहिलेलं आहे. अमेरिकेचे नागरिक, ग्रीन कार्डधारक, आणि मायक्रोनेशिया, मार्शल आयलंड्स व पलाऊ या तीन देशांचे नागरिक. बस्स. एफ-१, जे-१ (देवाणघेवाणीचा व्हिसा), एच-१बी (नोकरीचा व्हिसा) यांतलं काहीच त्यात बसत नाही. ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर मिळणाऱ्या कामाच्या तात्पुरत्या परवानगीवर, असलास तरी फरक पडत नाही. कॉलेजातल्या आरओटीसीच्या (लष्करी अधिकारी घडवणाऱ्या प्रशिक्षणाच्या) सुरुवातीच्या वर्गांना परदेशी विद्यार्थ्याला काही ठिकाणी बसू देतात, पण करार, शिष्यवृत्ती आणि कमिशन (अधिकारीपद) नागरिकालाच. वर्ग आवडला तर कर. त्यातून पुढे वाट निघेल या आशेवर फी भरू नकोस.

यूट्यूबवर तू जे व्हिडिओ पाहिलेस ते खोटे नाहीत, शिळे आहेत. ते मॅव्हनी योजनेतले, म्हणजे ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी लोकांना सैन्यात घेणाऱ्या योजनेतले. २००८ च्या अखेरीस संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी तिला मंजुरी दिली. त्याच कलमात एक पोटवाट आहे, राष्ट्रहितासाठी अत्यावश्यक असेल तर इतरांनाही घेता येतं, तिचा आधार घेऊन. डॉक्टर, नर्स आणि ठरावीक भाषा बोलणारे लोक हवे होते. त्या यादीत हिंदी होती. किमान दोन वर्षं कायदेशीर वास्तव्य, त्या काळात एका वेळी ९० दिवसांहून जास्त देशाबाहेर न राहणं आणि प्रवेश परीक्षेत किमान ५० पर्सेंटाइल, अशा अटी होत्या. बरीच भारतीय मुलं त्यातून गेली आणि काही महिन्यांत नागरिक झाली. २०१६ साली नवी भरती थांबली.

थांबताना जे घडलं ते तुझ्या कामाचं आहे. सुरक्षा तपासणी एकदम कडक झाली, फायली साचल्या, आणि ज्यांनी करारावर सही करून शपथही घेतली होती ते ट्रेनिंगच्या तारखेची वाट पाहत बसले. वर्ष गेलं, दोन गेली. दरम्यान त्यांचा विद्यार्थी दर्जा संपला. सैन्याचा करार हातात असला तरी तो व्हिसा नव्हे. इमिग्रेशनच्या लेखी ते बिनकागदाचे झाले. काहींना तर सैन्यानं मध्येच मोकळं केलं आणि प्रकरणं कोर्टात गेली. तेव्हा उद्या योजना पुन्हा सुरू झाल्याची बातमी आलीच, तरी आय-२० (विद्यापीठानं दिलेला प्रवेशाचा कागद) आणि सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीतली नोंद जिवंत ठेवूनच अर्ज करायचा. आणि 'मॅव्हनी परत सुरू होतेय, आत्ता नाव नोंदवा' म्हणून पैसे मागणारा भेटला तर त्याला रस्ता दाखव. अमेरिकी सैन्यात भरतीसाठी एक डॉलरही लागत नाही.

आता ज्या चुकीला माफी नाही ती. कुठल्याही फॉर्मवर 'मी अमेरिकेचा नागरिक आहे' या चौकटीत खूण करायची नाही. भरतीच्या फॉर्मवर तर नाहीच, पण धोका जास्त करून साध्या जागी असतो. कॅम्पसवरच्या कँटीनमध्ये काम धरताना आय-९ हा कामाच्या पात्रतेचा फॉर्म भरतोस ना, त्यात चार पर्याय असतात. पहिला नागरिक, तिसरा ग्रीन कार्ड. तुझा चौथा, कामाची परवानगी असलेला परदेशी. घाईत पहिल्यावर खूण होते. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना डीएमव्हीचा (तिथल्या आरटीओचा) माणूस एका दमात विचारतो, अवयवदान करणार का, मतदार म्हणून नोंदवू का. मान हलवायची सवय असलेला मुलगा दोन्हीला हो म्हणतो. नागरिकत्वाचा खोटा दावा झाला की पुढे ग्रीन कार्ड जवळपास कायमचं बंद, आणि याला सूट मिळण्याची सोय कायद्यात जवळजवळ नाही. फॉर्म पूर्ण वाच, प्रत ठेव, आणि चूक झालीच असेल तर विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला सांगण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेट.

ग्रीन कार्डचा रस्ता भारतीयासाठी किती लांब आहे ते तुला ठाऊक असेलच. तरी वयाच्या हिशेबानं मांडून पाहा. ओपीटीचं एक वर्ष, स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) असेल तर आणखी दोन. मग एच-१बीची सोडत, वर्षाला ६५,००० अधिक अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २०,०००. मग कंपनीनं अर्ज करायचा आणि भारतीयांच्या रांगेत उभं राहायचं. एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्यानं ईबी-२ आणि ईबी-३ या नोकरीवरच्या ग्रीन कार्डांच्या गटांची रांग दहा वर्षांहून मागे आहे. सोडतीनं ग्रीन कार्ड देणाऱ्या डायव्हर्सिटी लॉटरीत भारत नाही. इकडे मरीन कोअर या दलाची वयोमर्यादा २८, नौदलाची ४१. म्हणजे नोकरीच्या वाटेनं गेलास तर मरीन विसर. अमेरिकी नागरिकाशी लग्न झालं तर गणित बदलतं, पण फौजेसाठी लग्न जुळवणं हा गुन्हा आहे, आणि मुलाखत घेणारे अधिकारी तेच शोधायला बसलेले असतात.

समजा कार्ड आलं. मग पुढच्या पायऱ्या सोप्या आहेत, फक्त प्रत्येकीत भारतीय मुलगा एका ठरावीक जागी अडखळतो.

सैन्याच्या प्रवेश परीक्षेचं नाव अ‍ॅझव्हॅब. त्यातल्या चार विषयांवरून एएफक्यूटीचा, म्हणजे भरतीच्या पात्रतेचा, आकडा निघतो: शब्दज्ञान, उताऱ्याचं आकलन, अंकगणित, गणित. हा आकडा टक्के नसून पर्सेंटाइल असतो. बारावी किंवा तत्सम शिक्षण असलेल्याला आर्मीसाठी साधारण ३१ लागतात. आपली मुलं गणितावर भर देतात आणि फसतात, कारण सूत्रात इंग्रजीचा एकत्रित गुण दुप्पट धरला जातो, गणिताचे दोन्ही एकेकदाच. रोज तासभर अभ्यास करणार असशील तर चाळीस मिनिटं शब्दांना दे. संगणकावरच्या परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. नापास झालास तर एक महिन्यानं पुन्हा, मग आणखी एका महिन्यानं, त्यानंतर सहा महिने थांबावं लागतं.

मेडिकलमध्ये दोन गोष्टी. लहानपणी बीसीजीची लस घेतलेल्यांची क्षयाची त्वचाचाचणी अनेकदा पॉझिटिव्ह येते. आयजीआरए ही रक्तचाचणी मागून घे, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. दुसरं, लेसिक (चष्मा घालवणारी लेसर शस्त्रक्रिया) केलं असशील तर शस्त्रक्रियेनंतर १८० दिवस जावे लागतात, आणि आधीचा नंबर आठच्या वर असेल तर अडचण येते. पुण्या-मुंबईत ऑपरेशन झालं असेल तर तिथले कागद आताच मागवून ठेव, डॉक्टर बदलतात, दवाखाने बंद होतात. तेराव्या वाढदिवसानंतरचा दमा सांगावाच लागतो. 'कोणाला कळतंय' म्हणून काही लपवू नकोस. जुन्या नोंदी संगणकावर निघतात, आणि माहिती लपवून भरती होणं हा लष्करी कायद्याखाली गुन्हा आहे.

तुझ्यासारख्या संगणकवाल्याची निराशा होते ती ट्रेड (सैन्यातलं काम) निवडताना. सायबर, सिग्नलमधल्या बऱ्याच जागा, गुप्तवार्ता यांना सुरक्षा मंजुरी लागते आणि ती फक्त नागरिकाला मिळते. ग्रीन कार्डवर तुला पायदळ, ट्रक ड्रायव्हर, स्वयंपाकी, वाहन मेकॅनिक असे ट्रेड दिसतील. एमएसची पदवी असली तरी अधिकारी होता येत नाही. त्यालाही नागरिकत्व लागतं. रिक्रूटर म्हणेल, 'आत जा, नंतर बदलून घे.' बदलता येतं कधीकधी. पण कराराच्या कागदावर जे छापलंय तेवढंच खरं. बोनस, ट्रेड, ठिकाण यांतलं जे त्यात नाही ते तुझं नाही. आणि करार चार वर्षांचा दिसला तरी एकूण बांधिलकी आठ वर्षांची असते, उरलेली वर्षं राखीव यादीत.

नागरिकत्व मात्र लवकर मिळतं. ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ संघर्षकाळ म्हणून घोषित असल्यानं पाच वर्षं थांबण्याची अट लागू होत नाही. एन-४०० या नागरिकत्वाच्या अर्जासोबत सेवेचा दाखला म्हणून एन-४२६ जोडायचा, फी नाही. उलट बाजू अशी की पाच वर्षं सन्मानानं सेवा होण्याआधी वाईट शेऱ्यासह काढलं गेलं तर ते नागरिकत्व परत घेता येतं.

आता घरची बाजू. याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, म्हणून जास्त लिहितो. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेनं घेतल्या क्षणी १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व आपोआप जातं. पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं. त्यानंतर जुना पासपोर्ट वापरलास तर दंड. इथपर्यंत सगळ्यांनाच माहीत असतं, आणि सगळे म्हणतात, 'मग काय, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) काढू.' तिथंच गफलत होते. ओसीआयच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की परदेशी लष्करातले, सेवेत असलेले किंवा निवृत्त, ओसीआयला पात्र नाहीत. म्हणजे आईवडिलांना भेटायला यायचं तर दर वेळी साधा व्हिसा, आणि त्या अर्जातही लष्करी सेवेचा रकाना असतोच. आई आजारी आहे असा फोन आला की तिकिटाआधी व्हिसा शोधायचा. गावच्या सातबाऱ्यावर तुझं नाव असेल किंवा पुढे लागणार असेल, तर नागरिकत्व बदलण्याआधी जमिनीचे व्यवहार कळणाऱ्या वकिलाशी बोल. परदेशी झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. हे घरच्यांना आज सांग. शपथविधीचा फोटो पाठवून सांगू नकोस.

दुसऱ्या देशांचं थोडक्यात. ब्रिटन राष्ट्रकुलातल्यांना घेतं, त्यात भारत आला. पाच वर्षं वास्तव्याची अट २०१८ मध्ये काढली, पण जागांना मर्यादा आहे, आणि चार वर्षांच्या सेवेनंतर तिथं कायम राहण्याचा अर्ज करता येतो. कॅनडानं २०२२ च्या शेवटी कायम रहिवाशांना दार उघडलं, विद्यार्थ्यांना नाही. ऑस्ट्रेलियानं २०२४-२५ मध्ये आपल्याकडच्या कायम रहिवाशांपैकी न्यूझीलंड, ब्रिटन, अमेरिका, कॅनडा या देशांच्या नागरिकांना दार उघडलं. भारतीयाला आधी नागरिक व्हावं लागतं. कुठल्याही देशाचा पुरुष सरळ जाऊन उभा राहू शकतो अशी जागा म्हणजे फ्रान्सची फॉरेन लीजन: वय साडेसतरा ते साडेएकोणचाळीस, पहिला करार पाच वर्षांचा, निवड फ्रान्समध्येच, शेवटची फेरी ओबान्यला. व्हिसा काढून देत नाहीत, तिकीट देत नाहीत, एजंट नेमत नाहीत. तीन वर्षांनंतर फ्रेंच नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, आणि ओसीआयचा वरचा नियम तिथंही लागतो.

रशियाबद्दल मात्र बजावून सांगतो. 'मदतनीस', 'सिक्युरिटी', 'हेल्पर' म्हणून नेलेली मुलं युक्रेनच्या आघाडीवर निघाली. मार्च २०२४ मध्ये सीबीआयनं मुंबईसह अनेक शहरांत छापे घातले. काहींना तर खासगी कॉलेजात प्रवेश देतो म्हणून विद्यार्थी व्हिसावर नेलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं सांगितलेला आकडा १२६ भारतीयांचा, त्यांत १२ मृत आणि १६ बेपत्ता. करार रशियन भाषेत होता. न वाचता येणाऱ्या कागदावर सही करायची नाही, मग पगार कितीही असो.

राहता राहिला एक प्रश्न, तो मी विचारतो. तुला अमेरिकेची फौज हवी आहे की फौज हवी आहे? दुसरं असेल तर तुझी पुण्याची बी.ई. अजून कामाची आहे. भारतीय सेनेच्या एसएससी टेक्निकलला (इंजिनिअरांसाठीच्या अल्पमुदतीच्या अधिकारीपदाला) वय २० ते २७. लेखी परीक्षा नाही, इंजिनिअरिंगच्या गुणांवरून निवड करून थेट पाच दिवसांच्या एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवड मंडळाच्या मुलाखतीला, बोलावतात. बोलावणं आलं की नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. राहणं, जेवण, शिकवणं सगळं विनामूल्य. ग्रीन कार्डच्या रांगेत जितकी वर्षं जातील तितक्यात इथं कॅप्टन होऊन पुढचा विचार करता येतो. ही वाट मात्र २७ ला बंद होते.

उत्तर लिहिताना तीन गोष्टी कळव: जन्मतारीख, आय-२० वरची शेवटची तारीख, आणि बी.ई.चे एकूण टक्के. आणि आजवर भरलेल्या आय-९ ची प्रत काढून त्यात कुठल्या चौकटीत खूण आहे ते आधी बघून घे.

तुझा,
एक हितचिंतक