वाचक विचारतात : रान बाहेरून करपते, आतून कच्ची राहते

प्रश्न (नाशिकहून एक वाचक): 31 डिसेंबरला गच्चीवर पहिल्यांदाच बोकडाची अख्खी रान, म्हणजे मागची मांडी, भाजली. दीड किलोची होती. दही, आलं-लसूण, पुदिना-कोथिंबीर आणि वाटीभर कच्ची पपई वाटून लावली, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवली आणि व्हिडिओत बघून तासभर कोळशावर फिरवत भाजली. बाहेरून काळी ठिक्कर, हाडाजवळ लाल नि वातड, आणि वरचा थर पिठूळ. काय चुकलं?

उत्तर: वाचून खरंच वाईट वाटलं, रान लावायची म्हणजे दोन दिवसांची मेहनत असते. तो व्हिडिओ बहुतेक लॅम्बचा असणार. लॅम्ब म्हणजे वर्षाच्या आतलं मेंढीचं कोकरू, मांस कोवळं, चरबी बऱ्यापैकी, आतून थोडं गुलाबी ठेवलं तरी चावायला त्रास होत नाही. आपल्याकडे मटण म्हटलं की बहुतेक ठिकाणी बोकड, आणि त्याची मागची मांडी म्हणजे सतत चाललेला, उड्या मारलेला स्नायू, चरबी कमी नि शिरा-पडदे जास्त. ते विरघळायला 70 अंश सेल्सिअसच्या वर बराच वेळ, दीड-दोन तास तरी वाफेत राहावं लागतं, आणि उघड्या निखाऱ्यावर एवढा वेळ ठेवलं तर बाहेरचं करपणारच ना.

म्हणून बोकडाची रान आधी दमावर शिजवायची आणि मग भाजायची. आमच्या रायगडात थंडीत पोपटी लावतात ती आठवा, मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मसाला लावलेलं चिकन, मडकं उलटं करून भोवती जाळ, पाण्याचा थेंब नाही तरी चिकन मऊसूत, कारण वाफ बाहेर पडत नाही. रानीलाही तीच कोंडलेली वाफ हवी.

खाटकाला सांगा की वरची पांढरी झिल्ली काढ आणि नळीचं टोक तोडून दे, नाहीतर घरच्या पातेल्यात बसत नाही. हाडापर्यंत चार-पाच खोल चिरा द्या, त्या चिरांतच मसाला आत जातो, वरून कितीही थापलात तरी तो फारसा मुरत नाही. मीठ मात्र मुरतं, म्हणून आधी मीठ (दीड किलोला साधारण 20 ग्रॅम), आलं-लसूण, लिंबू आणि पपई लावून दोन तास ठेवा. पपई एक मोठा चमचा, बास. तिच्यातलं पपेन, म्हणजे मांस मऊ करणारं द्रव्य, वरच्यावरच काम करतं, वाटीभर लावून रात्रभर ठेवली की वरचं पिठूळ आणि आतलं जसंच्या तसं, तुमचं नेमकं तेच झालं. मग चक्का, तिखट, धणे-जिरे पूड, गरम मसाला, थोडं भाजलेलं बेसन नि तेल लावून रात्रभर फ्रीजमध्ये, भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या, अॅल्युमिनियमचं नको.

दुसऱ्या दिवशी जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी पाणी घालून, झाकणाच्या कडेला कणीक लावून अगदी मंद आचेवर पावणेदोन ते दोन तास. नळीच्या टोकाला मांस वर सरकून बोटभर हाड उघडं दिसायला लागलं, आणि सुरीचं टोक हाडापर्यंत न अडता गेलं की झालं. खाली उरलेला रस आटवा, तोच भाजताना वरून लावायचा. कच्चा मसाला उरला असेल तर तो लावू नका, नाहीतर आधी चांगला उकळून घ्या.

आता कोळसा. लाकडी घ्या, रॉकेल अजिबात ओतू नका, तो वास मांसात बसतो तो जात नाही. निखाऱ्यावर पांढरी राख धरेपर्यंत थांबा, अर्धा तास लागतो. निखारे एका बाजूला ओढा, रान दुसऱ्या बाजूला ठेवून गरम होऊ द्या आणि शेवटची पाच-सात मिनिटं फक्त जाळावर, कडा खरपूस होईपर्यंत. पुदिना-कोथिंबीर उतरवल्यावर ताजी वाटून लावा, जाळावर हिरवं वाटण जळून कडू होतं. दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा नि मगच कापा.

प्रश्न (मेलबर्नहून एक ताई): इथे लॅम्बचा लेग मिळतो. आईचं कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून बार्बेक्यूवर करू का?

उत्तर: ताई, वाटण भाजायच्या आधी लावू नका, खोबरं लगेच जळतं. त्याचा दाटसर रस्सा वेगळा करा आणि कापलेल्या तुकड्यांवर ओता, चव आईच्या हातचीच येईल. लेगमधलं हाड बुचरकडून काढून घ्या, म्हणजे मांस पसरट उघडतं आणि अर्ध्या-पाऊण तासात होतं. दही, आलं-लसूण, काळा मसाला लावून रात्रभर ठेवा. चरबी गळून जाळ उठला की लगेच बाजूला सरकवा. थर्मामीटर तुमच्याकडे सहज मिळतो, जाड भागात 63 अंश झाले की उतरवून दहा मिनिटं ठेवा, गुलाबी नको असेल तर 70 पर्यंत जाऊ द्या.

प्रश्न (ठाण्याहून): गच्ची नाही. काचा लावलेल्या बाल्कनीत शेगडी पेटवली तर चालेल?

उत्तर: नाही, कृपा करून पेटवू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, कळायच्या आत माणूस बेशुद्ध होतो, खिडकी किलकिली ठेवून भागत नाही. रान वर सांगितलं तशी गॅसवर दमावर शिजवा, मग कडक तापलेल्या लोखंडी तव्यावर चारी बाजूंनी लाल करा. धुराचा वास हवाच असेल तर खिडक्या सताड उघडून बोटभर कोळसा गॅसवर लाल करा, वाटीत ठेवून वाटी रानीशेजारी ठेवा, वर चमचाभर तूप नि दोन लवंगा टाकून पाच मिनिटं घट्ट झाकण, आणि मग तो कोळसा लगेच पाण्यात विझवा.