डबा ग्रामपंचायतीत, रेंज टाकीवर

प्रश्न : आमचे गाव हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात आहे. 2020 च्या टाळेबंदीत माझी नात नववीचे ऑनलाइन तास पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसून करीत असे, कारण रेंज तेवढ्याच जागी मिळायची. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर इंटरनेटचा डबा तेव्हाही होता, पण तो बंद होता आणि आजही बंदच आहे. पुन्हा साथ आली तर खेड्यात वेगवान इंटरनेट तातडीने पोहोचवता येईल का? ग्रामसभेत आम्ही टॉवर मागावा की आणखी काही?
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : स्पष्टच सांगायचे तर, साथ सुरू झाल्यावर नवीन केबल टाकून इंटरनेट पोहोचवणे जवळजवळ अशक्य असते. खोदाईच्या परवानग्या, रस्ते आणि वन विभागाची संमती, मजूर, यंत्रे यांतले काहीही टाळेबंदीत वेळेवर मिळत नाही, आणि आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात जेसीबीला वावराच्या कडेलाही उभे राहू देत नाही. देशातील अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने, म्हणजे प्रकाशाच्या रूपाने संदेश वाहून नेणाऱ्या काचेच्या बारीक तंतूंच्या केबलने, जोडण्याच्या योजनेला 2011 मध्येच मंजुरी मिळाली होती; पुढे तिलाच ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. म्हणजे मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ही योजना आठ वर्षांहून जुनी होती.

टाळेबंदीत झटपट करता आले ते उपाय वेगळ्या प्रकारचे होते. जाळ्यावरचा ताण कमी व्हावा म्हणून चित्रपट-मालिका दाखवणाऱ्या कंपन्यांनी मोबाइलवरील चित्राचा दर्जा काही आठवडे खाली आणला. अमेरिकेत शाळा आणि ग्रंथालये बंद असतानाही त्यांचे वाय-फाय बाहेरच्या लोकांना वापरू द्यावे, अशी मुभा तेथील दूरसंचार नियामकाने मार्च 2020 मध्येच दिली आणि वाहनतळावर गाडीत बसून मुलांनी अभ्यास केला. मला यातला दुसरा उपाय आपल्यासाठी अधिक मोलाचा वाटतो. आपल्या नातीला टाकीच्या जिन्याऐवजी शाळेच्या ओसरीवर बसता आले असते. त्यासाठी नवी केबल लागली नसती, गावात आलेली केबल चालू असणे पुरेसे होते.

टॉवर जरूर मागावा, मात्र टॉवर स्वतः इंटरनेट निर्माण करीत नाही. त्यालाही मागून फायबरची किंवा सूक्ष्मलहरींची जोडणी लागते, आणि ती तोकडी असेल तर सकाळी दहाला सगळ्या गावातली मुले एकदम तासाला बसली की मोबाइलवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात आणि बाईंचा आवाज मात्र तुटत राहतो. फायबरचे दुखणे निराळे आहे. जिथे एकाच सरळ मार्गाने गावे जोडली, तिथे रस्ता रुंदीकरणात एका ठिकाणी केबल तुटली की पुढची सगळी गावे बंद पडतात. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या सुधारित भारतनेटमध्ये म्हणूनच वलयाकार जोडणी ठरवली आहे. एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने संदेश पोहोचतो.

तेव्हा येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडताना ‘गावाला इंटरनेट मिळावे’ असे मोघम लिहू नये. ग्रामपंचायतीपासून आरोग्य उपकेंद्र आणि जिल्हा परिषद शाळेपर्यंत जोडणी, लोडशेडिंगमध्ये डबा चालू राहील अशी बॅटरी, आणि बिघाड झाल्यास तक्रार कोणी नोंदवायची त्याचे नाव, एवढे तरी त्यात असावे. उपकेंद्राचा आग्रह मी मुद्दाम धरतो आहे. 1 मे 2021 पासून 18 ते 44 वयोगटाचे लसीकरण सुरू झाले तेव्हा आरंभी कोविनवर आगाऊ नोंदणी केल्याशिवाय लस मिळत नव्हती, आणि ज्याचे इंटरनेट जलद त्याला लस आधी, असा अनुभव खेड्यांनी घेतला. ‘ई-संजीवनी’वर घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला एप्रिल 2020 पासून मिळू लागला, पण व्हिडिओ अडखळत असेल तर त्याचाही उपयोग अर्धाच.

ठरावाआधी एक काम मात्र आजच करावे. डबा बंद आहे असे आपण लिहिले आहे, तो कशाने बंद आहे ते पाहावे. विजेचा दिवाच लागत नसेल तर दोष प्लगमध्ये, अ‍ॅडॉप्टरमध्ये किंवा थकलेल्या वीजबिलात असू शकतो आणि तो गावातच दूर होईल. विजेचा दिवा लागून ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल होत असेल, तर डब्यापर्यंत प्रकाश पोहोचत नाही, म्हणजे बहुधा बाहेर कुठेतरी फायबर तुटले आहे. तसे असल्यास डब्याचा फोटो आणि तारीख जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी.