बाळंतिणीला मालिशवाली लावावी का, की नुसती रीत?

तुम्ही लिहिलंय, बायको आठ दिवसांपूर्वी बाळंत झाली, आई म्हणते सव्वा महिना मालिशवाली लाव, बायको म्हणते गरज नाही. मालिशने खरंच काही होतं का?

माझी दोन बाळंतपणं झाली. पहिल्या वेळी मीही नको म्हणत होते. अनोळखी बाईपुढे उघड्या अंगाने पडायचं, या विचारानेच नको वाटायचं. पण सांगलीला माहेरी होते, तिथे माझं कोण ऐकतंय! घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी साडेआठला मालिशवाल्या मावशी तेलाची वाटी घेऊन हजर.

बाळंतिणीची कंबर दुखते असं सगळे धरून चालतात. माझं दुखणं मानेत आणि उजव्या खांद्याच्या पात्याखाली होतं. दिवसातून दहा-बारा वेळा मान खाली घालून पाजलं की तिथे गाठ बसते. मावशी कोमट तिळाच्या तेलाचा अंगठा त्या जागी दाबून नुसत्या थांबायच्या, चोळायच्या नाहीत. थोड्या वेळाने आतून काहीतरी सुटल्यासारखं व्हायचं. मग कढत पाण्याची आंघोळ आणि तासभर अशी झोप, की बाळ रडलेलं कळायचं नाही.

मनाचं मात्र मला अपेक्षित नव्हतं. बाळंतपणानंतर हार्मोन एकदम उतरतात, तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बऱ्याच जणींना उगाच रडू येतं, मलाही यायचं. येणारा-जाणारा बाळाचं नाक कुणावर गेलंय ते बघायचा. मावशी आल्या की आधी माझ्याजवळ बसायच्या, "तुझं कसं हाय?" दिवसभरात मला हात लावून माझ्याकडून काहीच न मागणारं तेवढं एकच माणूस. एकदा पालथी पडल्या-पडल्या रडले. त्यांनी विचारलं नाही, हातही थांबवला नाही. पुढे वाचलं, की त्वचेतले काही मज्जातंतू हळू आणि उबदार स्पर्शालाच सर्वांत चांगला प्रतिसाद देतात, सेकंदाला साधारण ३ सेंटिमीटर एवढ्या वेगाला. (दोन आठवड्यांनंतरही रडू थांबलं नाही, झोप उडाली, बाळ नकोसं वाटलं, तर तो मालिशचा विषय नाही. डॉक्टरांना दाखवा.)

बाळाचं म्हणाल, तर मानसशास्त्रज्ञ टिफनी फील्ड यांचा १९८६चा अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध आहे. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना १० दिवस, रोज तीनदा १५ मिनिटं मालिश केली. त्यांचं वजन इतरांपेक्षा ४७ टक्के जास्त वेगाने वाढलं. पण नाक ओढून चाफेकळी होत नाही, नाकाकानात तेल घालू देऊ नका, आणि धुरीच्या खोलीत बाळ नको. बाळंतिणीचं पोटही मालिशने आत जात नाही. गर्भाशय दीड महिन्यात आपोआप आकसतं.

आता खरं सांगायचं ते. बाराव्या दिवशी मावशींनी माझी डावी पोटरी हातात घेतली आणि सोडली. दुसरी चाचपली. म्हणाल्या, "ही गरम लागतीया, टणक बी हाय. ह्यो पाय मी चोळणार न्हाई. आज दवाखान्यात दाव." आईला वाटलं, टाळाटाळ करतेय. सोनोग्राफी केली तर पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी! चोळली असती तर सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका होता. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे हा धोका जास्त असतो, सिझेरियन असेल तर आणखी. मला महिनोन्महिने रक्त पातळ करायची औषधं घ्यावी लागली, पण निभावलं.

म्हणून लावा असंच मी म्हणेन, पण बायकोला हवी असेल तरच. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटाला हात नको. ताप असेल त्या दिवशी सुट्टी. आणि बाई ठरवताना पैशांआधी विचारा, "मालिश कधी करत नाही तुम्ही?" "असं काही नसतं," म्हणाली तर दुसरी शोधा.

बाई मिळाली नाही, तर रात्री तुम्हीच बायकोचे खांदे आणि तळपाय चोळा, सावकाश. जुनी चादर अंथरा, तेलाचे डाग निघत नाहीत.