करडईचं तेल सोडून तूप-खोबरेल सुरू केलं तर चरबीतला दाह कमी होतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ओमेगा-६ (वनस्पती तेलांतला एक प्रकारचा मेद) मुळे अंगातल्या चरबीत दाह, म्हणजे इन्फ्लमेशन (प्रतिकारशक्ती सतत चेतवलेली राहणं), होतो असं ऐकल्यामुळे करडईचं तेल बंद करून सगळा स्वयंपाक तुपात आणि खोबरेलात करावा का? आणि वजन बेताचंच असेल तर याची काळजी करायची गरज आहे का? पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना बायोकेमिस्ट्री शिकवते. हा समज वर्गातही वारंवार समोर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चरबी हा नुसता साठा नसतो. लठ्ठ उंदरांच्या चरबीतून टीएनएफ-अल्फा हे दाह पेटवणारं प्रथिन स्रवतं आणि त्यामुळे इन्सुलिनचं काम अडतं, हे १९९३ साली दिसलं. हे प्रथिन येतं कुठून, याचा मोठा उलगडा २००३ मध्ये झाला. लठ्ठपणात मॅक्रोफेज या भक्षक पेशी चरबीत मोठ्या संख्येने शिरतात. सडपातळ शरीराच्या चरबीत त्या दहा टक्क्यांहून कमी असतात, लठ्ठ माणसांत जवळपास चाळीस टक्क्यांपर्यंत जातात. पुढे २००५ मध्ये इटलीतल्या सावेरियो चिंती यांच्या गटाने दाखवलं की यांतल्या बहुतेक पेशी, मरून पडलेल्या चरबीपेशींभोवती कडं करून बसलेल्या असतात. म्हणजे मूळ दुखणं पेशी क्षमतेबाहेर भरण्याचं आहे. तेल कोणतं, हा प्रश्न त्यानंतरचा.

तरीही तेलाने फरक पडतो. पाम तेलात आणि तुपात भरपूर असलेलं पामिटिक ॲसिड हा एक संपृक्त (सहज गोठणारा) मेद, तो प्रयोगशाळेत मॅक्रोफेजना चिथावतो. ते टीएलआर-४ या पेशीवरच्या, जंतू ओळखणाऱ्या ग्राहीला (रिसेप्टरला) थेट चिकटतं असं आधी मानलं जायचं. २०१८ च्या संशोधनाने ते खोडून काढलं: ते तिथे चिकटत नाही, पण ती ग्राही आधी जागी झालेली असेल तरच पामिटिकचा दाहक परिणाम दिसतो. माणसांतला पुरावा याहून मोलाचा. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन इथे २००९ मध्ये, पोट सुटलेल्या वीस जणांना आठ आठवडे मोजून-मापून जेवण दिलं गेलं. संपृक्त मेद जास्त असलेल्या गटाच्या चरबीत दाहाशी संबंधित जनुकं जास्त सक्रिय झाली, ऑलिव्ह तेलासारखा एकअसंपृक्त मेद खाणाऱ्यांत तसं झालं नाही.

आता तुमच्या करडईकडे. पारंपरिक करडई तेलात सुमारे ७५ टक्के लिनोलेइक ॲसिड असतं, म्हणजे ओमेगा-६. शरीर त्यापासून ॲराकिडॉनिक ॲसिड बनवतं आणि त्यातून दाहक रेणू तयार होतात, हे पुस्तकात बरोबरच लिहिलंय. पण आहारातलं लिनोलेइक वाढवलं म्हणून ऊतींमधलं ॲराकिडॉनिक त्या प्रमाणात वाढत नाही. माणसांवरच्या नियंत्रित चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा रक्तातले दाहाचे निर्देशक वाढल्याचं आढळलं नाही. स्वीडनमध्ये तर २०१४ साली सडपातळ तरुणांना सात आठवडे मुद्दाम जास्तीचे मफिन खायला घातले, काहींना पाम तेलातले, काहींना करडईसारखंच लिनोलेइक भरपूर असलेल्या सूर्यफूल तेलातले. वजन दोन्हीकडे सारखंच वाढलं. पण यकृतातली आणि पोटाच्या आतली चरबी पाम तेलवाल्यांत बरीच जास्त वाढली. मला हा प्रयोग फार महत्त्वाचा वाटतो, कारण काटा सारखाच दाखवत असताना आत वेगळं घडतं हे त्यातून कळतं.

आणि इथेच तुमचा दुसरा प्रश्न येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडचा हा 'बारीक पण चरबीयुक्त' बांधा लक्षात घेता वजनाच्या काट्यावर विसंबू नका, कमरेचा घेर मोजा.

ओमेगा-३ बद्दल थोडक्यात. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या लोकांना बारा आठवडे रोज ४ ग्रॅम दिल्यावर त्यांच्या चरबीतले मॅक्रोफेज कमी झाले, इन्सुलिनचं काम मात्र सुधारलं नाही. म्हणून कॅप्सूलवर फार आशा ठेवू नये. मासे खात असाल तर आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली जरूर खा. जवसाची चटणीही चांगली, पण तिच्यातल्या ओमेगा-३ चं माशांतल्या प्रकारात रूपांतर फारच थोडं होतं, तेव्हा ती माशांची जागा पूर्ण भरून काढत नाही.

स्वयंपाकाला करडई, शेंगदाणा, मोहरी आलटून-पालटून वापरा, तेही हात राखून. वरणभातावर चमचाभर तूप खुशाल घ्या. खोबरेलात जवळपास ९० टक्के संपृक्त मेद असतो, त्यामुळे ते रोजचं मुख्य तेल करू नका. फरसाण आणि बिस्किटांच्या पाकिटावर पाम तेल किंवा पामोलिन लिहिलंय का ते आधी बघा. करडई बंद करण्यापेक्षा ती पाकिटं कमी केलीत तर तुमचा जास्त फायदा होईल.