गवती छपरासाठी पैसे उभे करताना

प्रिय मित्रा,

त्र्यंबकजवळचं ते जुनं गवती छपराचं घर वाचवायला तू पुढे झालास, याचं फार समाधान वाटलं. पण आवाहन इतक्यात काढू नकोस. देणारा आधी विचारणार, घर कोणाच्या नावावर? ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा, उतारा काढ आणि मालकांशी दहा-पंधरा वर्षांचा नोंदणीकृत करार कर. नाहीतर लोकांच्या पैशाने घर उभं राहतं आणि भाऊबंदकीत त्याला कुलूप लागतं.

मग अंदाजपत्रक. इथे बहुतेकांचं गणित चुकतं, कारण ते जमिनीचं क्षेत्रफळ धरतात. घर २० बाय १५ फूट, म्हणजे ३०० चौरस फूट. पण वळचण, म्हणजे छपराची बाहेर आलेली कड, चारही बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर हवी, नाहीतर पावसाच्या शिंतोड्यांनी कूड, म्हणजे कारवीच्या काठ्यांची लिंपलेली भिंत, खालून कुजतो. झालं २४ बाय १९, म्हणजे ४५६. उतार ४५ अंशांचा ठेव. छप्पर सपाट झालं की पाणी निथळत नाही. त्या उतारासाठी १.४१४ ने गुण: सुमारे ६४५ चौरस फूट, म्हणजे दुपटीहून जास्त! आढ्यावरचं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं, गवत वेगळं धर, गळती बहुधा तिथूनच सुरू होते. बांबू, कामट्या (बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या), काथ्या, मजुरी यांचे रकाने स्वतंत्र ठेव.

खरी ओढाताण वेळेची आहे. गवत दिवाळीनंतर, चांगलं वाळलं की कापतात. डिसेंबर-जानेवारीत उचललं नाही तर ते चाऱ्याला जातं, नाहीतर वणव्यात. शाकारणी, म्हणजे छपरावर गवत चढवण्याचं काम, मृगाच्या आत, ७ जूनपूर्वी उरकायची. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांचं सीएसआरचं, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीचं, नवं वर्ष मात्र एप्रिलमध्ये सुरू होतं, आणि पैसा बऱ्याचदा हप्त्यांनी येतो. म्हणून गवत-बांबूचा खर्च वर्गणीतूनच भागव. कंपनीकडे कूड, जोतं, वायरिंग अशी पावसाळ्यानंतरची कामं माग, आणि प्रस्ताव जानेवारीतच दे.

त्यासाठी नवी संस्था काढून उपयोग नाही. सीएसआरला संस्थेची आयकर खात्याकडची १२ए आणि ८०जी नोंदणी, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी आणि निदान तीन वर्षांचं काम लागतं. नाशिकमधली एखादी जुनी संस्था सोबत घे आणि या कामाचं बँक खातं वेगळं ठेव. २,००० रुपयांच्या वर रोख दिल्यास देणाऱ्याला ८०जी ची करसवलत मिळत नाही, हे पावती फाडण्याआधीच सांग. संस्थेशिवाय गावात वर्गणी फिरवायची असेल, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयातून कलम ४१ क ची परवानगी घे.

कोणीतरी प्रेमाने पत्रे आणि सिमेंट देऊ करेल. हात जोडून नको म्हण. गवताला चिकटून खाली पत्रा किंवा प्लास्टिक घातलं की ओल अडते आणि गवत खालून काळं पडतं. कुडाला सिमेंटचा गिलावा दिला की आतल्या कारव्या सडतात, आणि बाहेरून काही दिसतच नाही. त्याच माणसाकडे गवताच्या पेंढ्या किंवा चार दिवसांची मजुरी माग.

आवाहनात एक गोष्ट ठळक लिही: जमलेल्या दर शंभरातले पंचवीस रुपये पुढच्या शाकारणीसाठी मुदत ठेवीत जातील. गवत दर काही वर्षांनी बदलावं लागतं, आढं त्याच्याही आधी. हे लपवलंस तर दुसऱ्यांदा हात पसरताना लोक विचारतील, पहिल्या पैशांचं काय झालं?

नमुना ८ आणि छपराची मापं हाती आली की पाठव. अंदाजपत्रक मिळून करू.

तुझा शुभचिंतक